उलटा पलंग आणि मडक्यातला विस्तव

माझ्या दोघा नातवंडांनो,

परवा फोनवर तुमच्या आईने सांगितलं की तुम्ही घर बदलताय आणि धाकट्याने जुन्या सोफ्यावर ठाण मांडलं आहे. सोफा येणार नसेल तर मीही येणार नाही, असं तो म्हणतो म्हणे. तुमची आई वैतागली होती. मला मात्र हसू आलं, कारण हेच वाक्य मी आधी ऐकलेलं आहे. तेव्हा ते म्हणणाऱ्याने पंच्याहत्तरी ओलांडली होती आणि सोफ्याच्या जागी सागवानी पलंग होता. तुमचे बाबा ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगतात, पण ते तेव्हा इथे नव्हते. त्यांना सगळं फोनवरून कळलं, आणि तेही आधी चुकीचंच. मी तिथे होते. म्हणून तुमची बांधाबांध संपायच्या आत हे नीट, क्रमाने लिहून पाठवते आहे. मोठीने वाचावं, धाकट्याने ऐकावं. माझी मराठी सोपी ठेवली आहे. गावातली माणसं मात्र जशी बोलतात तशीच लिहिली आहेत. मोठ्याने वाचलंत की कळतील.

पलंग म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे झोपायची वस्तू येईल. आमचा पलंग मुख्यतः झोपण्यासाठी नव्हताच. गोंदिया जिल्ह्यात, गोरेगाव तालुक्यातल्या आपल्या घराला पुढे एक लांब छपरी आहे, तिथे तो असायचा. रस्त्यावरून आत आलं की आधी पलंग, मग घर. आजोबांच्या वडिलांनी आपल्याच शेताच्या धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा, साग पाडून तो करवून घेतला होता. त्यात लोखंडाचा एक खिळा नाही. सगळं लाकडाच्या खुंट्यांवर, आणि त्या खुंट्या वर्षानुवर्षांच्या पावसाळ्यांनी अशा फुगून बसल्या होत्या की पलंग सुटा करायचा तर तो फोडावाच लागला असता. दिवाळीनंतर गावात मंडई, म्हणजे जत्रा, भरते, रात्रभर नाटक असतं, नात्यातली माणसं मुलाबाळांसकट येतात. तेव्हा त्या पलंगावर आडवी झोपलेली मुलं किती ते मोजायचं म्हणजे पाय मोजून दोनने भागावं लागे.

एरवी दिवसभर त्यावर गाव बसलेलं असायचं. धानाच्या बांधीला पाणी कधी सोडणार हे विचारायला आलेला माणूस, लग्नाची पत्रिका घेऊन आलेले पाहुणे, दुसऱ्याच्या म्हशीची तक्रार घेऊन आलेली बाई, सगळे आधी पलंगावर टेकत. आजोबा डोक्याकडच्या कोरीव फळीला पाठ लावून बसायचे, शेजारी पानाचा डबा. मी शाळेत इंग्रजी शिकवून, एसटीने घरी यायची तेव्हा त्या पलंगावर कोण कोण आहे ते बघूनच चहाचं आधण ठेवायची. लग्न होऊन आले तेव्हा मला याचा राग यायचा. मी पांढरी चादर घातली की संध्याकाळी ती मातीच्या रंगाची. नंतर मी मातीच्याच रंगाची चादर घ्यायला लागले. त्यानंतर आमचं कोणाचं काही बिनसलं नाही.

आता घर का बदललं ते. आजोबांच्या डोळ्यांच्या पडद्यामागे पाणी साचायला लागलं होतं. उजवा डोळा कळेपर्यंत जवळजवळ गेलाच. डावा वाचवायचा तर दर महिन्याला गोंदियाला जाऊन डोळ्यात सुई घ्यायची होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की मध्ये खंड पडू द्यायचा नाही, गेलेली नजर परत येत नाही. आणि खंड तर पडतच होता. कधी धानाची रोवणी आडवी येई, कधी कुणाचं लग्न, कधी छपरीत बसलेल्या माणसांना उठवून कसं जायचं हा संकोच. तुमच्या बाबांनी गोंदियात घेऊन ठेवलेला फ्लॅट रिकामाच होता, दुसऱ्या मजल्यावर. दवाखाना तिथून रिक्षाने पाच मिनिटं. मी म्हटलं, आपण तिकडे राहायला जाऊ. गावातलं घर काही कुठे जात नाही, धाकटे दीर आणि जाऊबाई आहेतच तिथे.

"मी नाई येत," आजोबा म्हणाले. "तिथं लोक दार लावून बसतेत. मी कोनासंग बोलू? त्या लिफ्टसंग?"

"डोळा जाईल तुमचा."

"एक आहे ना अजून."

"तोच जाईल म्हणते मी."

यावर त्यांनी एक पान लावलं. मग खरं ते बोलले. "गावात मानूस येते, बसते. गोंदियाले कोन येईन? दोन महिने येतील, मंग इसरतील. आंधळा झालो तरी इथं मले आवाज तं येतेत."

शेवटी त्यांनीच तोडगा काढला. "पलंग येत असन तं येतो. जसा आहे तसा. कापाचा नाई, फोडाचा नाई. पलंग घरात नाई गेला, तं पलंगासंग मी वापस."

मी लगेच हो म्हटलं. फ्लॅटचं दार मी स्वतः टेपने मोजून आले. पलंग कुशीवर उभा केला तर त्यातून जात होता. जिना मोजायचं काम आमच्या पुतण्याकडे होतं. त्याने तो नजरेने मोजला आणि "आरामात जाते, मोठी माय," असं कळवलं.

धान कापून झालं, मळणी झाली, ट्रॅक्टर मोकळा झाला. दिवस जाऊबाईंनी बघून दिला. तो नेमका गोरेगावच्या बाजाराचा दिवस निघाला.

इथून पुढे नीट लक्ष देऊन वाचा, कारण त्या सकाळी जे जे केलं त्या प्रत्येकाला चांगलं कारण होतं.

पहिलं, तणस. धानाचं तणस, म्हणजे पेंढा, ट्रॉलीत गुडघाभर अंथरलं, म्हणजे लाकडाला धक्का लागणार नाही. दुसरं, पलंग सरळ ठेवून बघितला तर पायांवर हिंदकळायला लागला आणि खुंट्या कुरकुरल्या. म्हणून आठ माणसांनी तो उचलून उलटा केला आणि पाठीवर निजवला. चार पाय वर आकाशाकडे, डोक्याकडची फळी ट्रॉलीच्या मागे बाहेर लोंबती. मग जराही हलेना. आमच्याकडे घरातलं कुणी गेलं की त्याची खाट उलटी करतात, एरवी कधीच नाही. हे तिथल्या आठही माणसांना माहीत होतं. पण त्या घडीला आठही जण खुंट्यांकडे बघत होते.

तिसरं, विस्तव. माझ्या सासूबाईंची रीत होती की नव्या घरी जाताना जुन्या चुलीतला विस्तव न्यायचा. जाऊबाईंनी गोवरीचे निखारे एका नव्या मडक्यात भरून ठेवले होते. आता ट्रॉलीत गुडघाभर तणस, त्यात विस्तवाचं मडकं कोण ठेवणार? म्हणून मडकं पुढे पाठवायचं ठरलं. शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर मागे धाकटे दीर बसले. अंगात पांढरं बनियन, धोतर, आणि हातात दोरीला टांगलेलं धुमसतं मडकं. निखारे विझू नयेत आणि ट्रॅक्टरची चुकामूक होऊ नये म्हणून गाडी अगदी सावकाश चालवायची होती.

चौथं, आजोबा. मी त्यांच्यासाठी जीप सांगितली होती. ते म्हणाले, "पलंग एकटा कायले जाईन?" आणि ट्रॉलीत चढून उलट्या पलंगाच्या पोटात, चार पायांच्या मधोमध, वाकळ टाकून बसले. मग अर्थातच मी आणि जाऊबाईही चढलो. ऊन होतं म्हणून आम्ही पदर डोक्यावरून पुढे ओढले. ट्रॅक्टर चालू झाला तशी तणसाची धूळ उडायला लागली. जाऊबाईंचे आणि माझे डोळे गळायला लागले, नाकं लाल. आजोबांच्या डोळ्याला धूळ चालणार नव्हती. मीच त्यांना सांगितलं की आडवे व्हा आणि माझी पांढरी चादर तोंडावरून घ्या. लग्नानंतर बाजूला पडलेल्या चादरींपैकीच ती एक. ते आडवे झाले आणि ट्रॅक्टरच्या हेलकाव्यांनी त्यांना छान झोप लागली.

प्रत्येक गोष्टीला कारण होतं. सगळं मिळून लांबून कसं दिसत असेल, ते मात्र कुणाच्याच मनात आलं नाही.

पहिल्या गावाच्या वेशीवर पानठेल्यावरची माणसं उभी राहिली. एका म्हाताऱ्याने टोपी काढली. पुढे एक मोटारसायकलवाला आम्हाला पाहून थांबला, खाली उतरला आणि हात जोडून उभा राहिला. मला वाटलं, माझा जुना विद्यार्थी असेल. मीही हात जोडले. त्याने मान खाली घातली. जाऊबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "बाई, तुमाले लयच मानतेत वो लोक." मला थोडं बरं वाटलं, हे कशाला लपवू? इतकी वर्षं या भागात शिकवलं, कुणाला तरी आठवत असेल.

गोरेगावला पोचलो तेव्हा बाजार पूर्ण भरलेला होता. भाजीवाले रस्त्यापर्यंत, त्यांच्यापुढे सायकली, त्यांच्यापुढे बकऱ्या. बाजाराच्या दिवशी तिथून ट्रॅक्टर काढायचा म्हणजे पुतण्याला एरवी दहा जणांशी भांडावं लागतं. त्या दिवशी हॉर्न न वाजवता रस्ता मोकळा झाला. वांगी मागे सरकली, बकऱ्या मागे ओढल्या गेल्या, कुणीतरी कुणाला तरी "ए, गाणं बंद कर बे," म्हणालं. बाजार गप्प झालेला मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. मी पुढे बघितलं. दीर मडकं धरून बसलेले, धूर त्यांच्या तोंडावर येत होता म्हणून चेहरा वाकडा केलेला. मग मी वर बघितलं, पलंगाच्या चार पायांकडे. मग खाली बघितलं, चादरीकडे.

मी काही बोलायच्या आतच आजोबांचे मित्र ट्रॉलीच्या चाकावर पाय देऊन वर आले. त्यांचं बाजारात बियाण्याचं दुकान. दोघे लहानपणापासूनचे दोस्त, भेटले की शिव्यांनीच सुरुवात करणारे. ते पलंगाच्या पायाला मिठी मारून रडायला लागले. "अरे राजा गा! परवा तं फोनवर मले हरामखोर म्हणून राहिला होतास! आता कोन म्हणन मले!"

चादर हलली. आजोबांनी ती तोंडावरून खाली घेतली. "मी म्हणतो ना. खाली उतर हरामखोरा, पाय मोडशील पलंगाचा."

मित्र मागच्या मागे तणसात बसले. खाली एका बाईने किंकाळी फोडली. आणि मग बाजारात जे हसू फुटलं ते मी तुम्हाला लिहून सांगू शकत नाही. मित्र मात्र हसले नाहीत. त्यांनी डोळे पुसले आणि आमच्यावर तोंड सोडलं. "पलंग उलटा. भावाच्या हातात मडकं. वरून हा पांढरं पांघरून निजला. अजून काय बाकी ठेवलं होतं गा? लाकडं मीच आणू का?"

"मले काय माहीत," आजोबा म्हणाले. "मी झोपलो होतो."

जाऊबाईंनी पदराने तोंड झाकलं. त्यांना हसू आवरत नव्हतं आणि भीतीही वाटत होती. मित्र त्यांना म्हणाले, "भिऊ नका वो, जित्याच्या मरणाची बातमी उठली तं त्याचं आयुष्य वाढते." मग जाऊबाई मोकळेपणी हसल्या.

पण बातमी तोवर आमच्या पुढे निघून गेली होती. कुणीतरी फोटो काढून नातेवाईकांच्या ग्रुपवर टाकला होता. मुलगा परदेशातून विमानाने येतोय म्हणून गोंदियाला नेऊन राहिले, हेही कुणीतरी स्वतःच ठरवून टाकलं होतं. गोरेगाव सोडलं न सोडलं तोच तुमच्या बाबांचा फोन आला. मी काही समजावत बसले नाही, फोन सरळ आजोबांच्या हातात दिला. "हॅलो," ते म्हणाले. "मी बोलून राहिलो. जिंदा आहो. तिकीट नको काढू." पुढचा सगळा रस्ता आम्ही फोनच घेत होतो. मध्येच आजोबांनी मला हळूच विचारलं, "रडलं कोन कोन?"

मी सांगितलं. ते ऐकून ते पलंगाच्या पायाला टेकून बसले. चादर मी घडी करून पिशवीत ठेवली.

गोंदियाला पोचलो आणि खरी अडचण सुरू झाली. पलंग लिफ्टमध्ये जाणार नाही हे माहीतच होतं. जिन्यात तो पहिल्या वळणापर्यंत गेला आणि तिथे अडकला. कुशीवर केला, उभा केला, परत खाली आणून उलट बाजूने चढवला. भिंतीचा रंग निघाला, पलंग वळेना. बाल्कनीतून दोर लावून घ्यावा तर तिथे वरपासून खालपर्यंत जाळी. एक जण म्हणाला, पाय तेवढे कापू, वर गेल्यावर जोडू. आजोबांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो पाणी प्यायला निघून गेला.

"नाई जात ना?" त्यांनी मला विचारलं. आवाजात राग नव्हता. सुटका झाल्यासारखा होता. "मंग ठरल्यापरमानं. चाल गा, भर वापस."

शब्द मीच दिला होता. पुढची सुई तीन दिवसांवर होती, आणि ते एकदा गावी गेले की परत येणार नाहीत हे मला लख्ख दिसत होतं. पण पुतण्याला दुसऱ्या दिवशी पहाटे ट्रॉली धानासाठी हवी होती, माणसं दमली होती आणि दिवस कलला होता. त्यामुळे पलंग त्या रात्रीपुरता खाली पार्किंगमध्ये ठेवायचं ठरलं. आम्हाला गाडी नाही. पण फ्लॅटबरोबर आलेली गाडीची जागा होती, भिंतीवर नंबर रंगवलेला. पलंग सरळ केला आणि बरोबर त्या जागेत ठेवला. पुतण्या म्हणाला, "परवा येतो ट्रॉली घेऊन. पलंग आनि मोठे बाबूजी, दोघायले नेतो."

बिल्डिंगचे सेक्रेटरी खाली आले. पायजम्यावरचे, चांगले गृहस्थ, आजही आमचे स्नेही आहेत. "माताजी, ये पलंग है कि नाव?" त्यांनी विचारलं. "पार्किंग में गाड़ी लगती है, फर्नीचर नहीं।"

माझं हिंदी बेतास बात आहे, पण नियमांच्या बाबतीत मला कुणी हरवत नाही. "भाईसाहब, नंबर हमारा, जगह हमारी। पलंग लाइन के अंदर है। आपकी गाड़ी का मुँह तो बाजूवाले की जगह में है।"

त्यांनी आपल्या गाडीकडे वळून बघितलं. "दो दिन," ते म्हणाले.

तेवढ्यात फाटकातून एक गाडी आत आली आणि तिच्यातून रडण्याचा आवाज आला. आजोबांची मोठी बहीण. ती तिरोड्यापलीकडे, बोदलकसाच्या बाजूला राहते आणि फोन वापरत नाही. तिच्या घरच्यांनी ग्रुपवरचा फोटो पाहिला, निघाले, आणि नंतरचा खुलासा रस्त्यात कुणी वाचलाच नाही. ती सुनेच्या खांद्यावर भार टाकून, छाती पिटत आत आली. समोर तिचा भाऊ पलंगावर मांडी घालून चिवडा खात बसलेला.

ती थांबली. जवळ आली. त्याच्या गालाला हात लावून बघितला आणि मग त्याच गालावर एक चापट दिली. "मेल्या! मेला नाई तं सांगाचं नाई का!"

"बाई, मले कोनी विचारलंच नाई."

"सारा रस्ता रडत आली मी! सुनेले इचार! तुयासाठी इतकं रडणारं दुसरं कोनी आहे का?"

"नाई बाई. बस. चिवडा खाशील?"

ती बसली. कुठे बसणार, पलंगावरच. लिफ्टला ती घाबरते, जिना तिला चढवत नाही. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून तिने वरण-भाताचं मोठं पातेलं बांधून आणलं होतं. आमच्याकडे खरंच चूल पेटली नव्हती, कारण गॅसची जोडणी व्हायची होती. तेव्हा आजोबांच्या मयताचं ते जेवण आम्ही सगळे पलंगाभोवती बसून पोटभर जेवलो, आजोबांनी दोनदा भात घेतला. मडक्यातला विस्तव वरच्या ओट्यावर ठेवता येईना, म्हणून तो पलंगाजवळच एका घमेल्यात ओतला होता. थंडी पडायला लागली तसे सगळे हात शेकायला पुढे सरकले. सेक्रेटरींचे वडील, नव्वदीला टेकलेले, हिंदीशिवाय काही न बोलणारे, आवाज ऐकून खाली आले आणि कुणी न बोलावता पलंगाच्या कडेला बसले. "गाँव याद आ गया," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून माणसं यायला लागली. काही खुलासा न वाचता आलेली, काही वाचून, "खरंच जिंदा आहेत का, पाहू तं," म्हणून आलेली. मेलेल्याकडे जायला निघालेला माणूस तो जिवंत आहे कळल्यावर परत फिरत नाही, भाडं तर भरलेलंच असतं. जी जुनी नाती नुसती लग्नात दिसायची तीही आली. ज्याच्याशी धुऱ्यावरून बोलणं बंद होतं तो शेजारचा शेतकरी आला, पलंगाच्या पायथ्याशी बसला. आजोबांनी पानाचा डबा त्याच्याकडे सरकवला. मी वरून चहाची किटली घेऊन लिफ्टने खाली-वर करत होते. लिफ्ट मला एकटीलाच येत होती. त्या दिवशी मला माझ्या शाळेतल्या मधल्या सुट्टीची आठवण झाली.

तिसऱ्या दिवशी कबूल केल्याप्रमाणे पुतण्या आला. ट्रॉली रिकामी, तणस अंथरलेलं, दोर तयार. मी किटली घेऊन पार्किंगच्या कोपऱ्यात उभी राहिले. ठरवलं होतं की एक शब्द बोलायचा नाही. डोळा त्यांचा होता.

पलंग भरलेला होता. एका कडेला बहिणीकडचे दोघे, मध्ये बियाण्याचे मित्र पत्ते पिसत, पलीकडे सेक्रेटरींचे वडील, आणि बिल्डिंगमधलं कुणाचं तरी पोर पालथं पडून रंगवत होतं. पुतण्या म्हणाला, "उठा जी सारे, पलंग भराचा आहे." मित्र उठायला लागले. आजोबांनी त्यांचा हात धरून खाली बसवलं.

"थांब गा," ते पुतण्याला म्हणाले. "ह्या लोकायले बसवू कुठं? फरशीवर?"

"मोठे बाबूजी, ट्रॉली रिकामी आणली मी."

"मंग सिमेंट भर. तुले गोठ्यासाठी पायजे होतं ना? रिकामी कायले नेतो?"

"पन पलंग घरात नाई गेला ना. तुमीच म्हटलं होतं."

आजोबांनी वर बघितलं, पार्किंगच्या छताकडे, मग भिंतीवरच्या आमच्या नंबरकडे. "हे बी घरच आहे," ते म्हणाले. "नंबर लिहून आहे." आणि मग माझ्याकडे न बघता, पानाला चुना लावता लावता विचारलं, "सुई कोन्त्या दिवशी आहे, मास्तरीण?"

"उद्या," मी म्हटलं. "सकाळी."

"सकाळी नको. सकाळी लोक येतेत. दुपारची पाहा."

मी दुपारची वेळ घेतली. सेक्रेटरींचे दोन दिवस तोवर संपले होते, पण वडील रोज त्याच पलंगावर बसत असल्यामुळे त्यांना पुन्हा तो विषय काढता आला नाही. एकदा मीटिंगमध्ये कुणीतरी काढला. मी टेप घेऊन गेले आणि दाखवून दिलं की आमचा पलंग त्यांच्या गाडीपेक्षा लांबीला कमी आहे. त्यानंतर कुणी काही म्हटलं नाही. फक्त निखारे पेटवायला मनाई झाली. ते बरोबरच आहे, बाजूला पेट्रोलच्या गाड्या असतात.

धाकट्याला सांगा, सोफ्याचं काय होईल ते मला माहीत नाही. सोफा आणि पलंग यात फरक आहे, आणि तुमच्या आईला मी पेचात टाकणार नाही. पण बसायची जागा कुठे ठेवायची हे घरातल्या खोल्या बघूनच ठरवावं असं काही नाही.

सुरुवातीला आली तेवढी माणसं आता येत नाहीत, हे खरं. पहिल्या हिवाळ्यानंतर निम्मी झाली. बहिणीचं येणं तिच्या गुडघ्यांमुळे बंद झालं. सेक्रेटरींचे वडील मागच्या वर्षी गेले. बियाण्याचे मित्र मात्र बाजाराचा दिवस सोडून आठवड्यातून एकदा येतात, धुऱ्याचा शेजारी दवाखान्याच्या कामाला आला की येतो, बिल्डिंगमधली तीन-चार म्हातारी माणसं रोज असतात, आणि मंडईच्या दिवसांत आमच्याकडे अजूनही पाहुणे आडवे झोपतात, आता पार्किंगमध्ये मच्छरदाणी लावून.

पलंगाच्या एका पायाला ओल लागून वाळवी झाली होती. तो बुडापासून थोडा कापून खाली दगड ठेवला आहे. एका स्कूटरने बाजूची फळी घासली आहे. खुंट्या सगळ्या जागेवर आहेत. आजोबांच्या उजव्या डोळ्याला आता फक्त उजेड कळतो. डाव्या डोळ्याची नजर डॉक्टरांनी मागच्या महिन्यात तपासली. ती होती तेवढी आहे. पेपरातले मथळे ते स्वतः वाचतात, आणि फाटकातून कोण आत येतं आहे ते पलंगावर बसल्या बसल्या ओळखतात.